इनासकाका आणि एकशे अठराचा जेट

इनासकाका माणसांकडेसुद्धा एक डोळा मिटून बघत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय की काय. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्या भेटीत ते मुळीच आवडलं नव्हतं. पण ती खोड नव्हती, धंद्यानं लावलेली सवय होती. चाळीस वर्षं त्यांनी कार्बोरेटरचे जेट उजेडात धरून तपासले होते. जेट म्हणजे शेंगदाण्याहून लहान असा पितळेचा तुकडा. त्याच्या पोटातून सुईएवढं छिद्र आरपार गेलेलं असतं आणि इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं ते त्या छिद्रावर ठरतं. काका तो चिमटीत धरत, डावा डोळा मिटत आणि गॅरेजच्या उघड्या शटरकडे तोंड करून उभे राहत. "पौर्णिमा दिसली पाहिजे," म्हणत. "कड जरा खाल्लेली दिसली, तर तो जेट ताईत करून गळ्यात बांध. गाडीत घालू नको."

ते वसईचे. तिशीच्या आत कतारला आले आणि इथेच साठी ओलांडली. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका मोठ्या गॅरेजमध्ये ते होते. गॅरेजचं मुख्य काम मोटारींचं, पण मागच्या कोपऱ्यात जुन्या दुचाकींसाठी एक टेबल होतं आणि त्या टेबलावर फक्त इनासकाकांचा हात चाले. बायको बरीच वर्षं आधी गेलेली, मूलबाळ नाही, गावी एक धाकटी बहीण. तिच्याशी फोनवर ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मं कळे. राहायला कंपनीची खोली, जायला-यायला कंपनीची बस. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ते अबू हमूरच्या चर्चमध्ये येत आणि आमचं घर तिथून जवळ, म्हणून मिस्सा झाली की आमच्याकडे जेवायला. येताना कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. नाहीच काही मिळालं तर कोथिंबिरीची एक जुडी.

आमची ओळख स्कूटरमुळे झाली. मी नाशिकचा. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून लहानाचा मोठा झालो, ते वेड डोक्यातून गेलं नव्हतं. इथला एक इटालियन इंजिनिअर निवृत्त होऊन परत निघाला, तेव्हा त्याची साठ सालच्या सुमाराची स्कूटर मी घेतली. साधी चालवायची तर तीही मजा होती, पण मला ती पळवायची होती. मोठा सिलिंडर, मोठा कार्बोरेटर, नवा सायलेन्सर असं सगळं मी बाहेरून मागवलं आणि खोकी घेऊन काकांच्या टेबलाशी उभा राहिलो. काकांनी एकेक वस्तू उलटसुलट करून पाहिली.

"हेमंता, गाडीचं पोट मोठं करतोयस. मग घासही मोठा द्यावा लागणार."

"देऊ की, काका."

"पेट्रोल कमी पडलं तर अशी गाडी उपाशी ओरडत नाही. ती जास्तच जोरात पळते. पळता पळता पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मागचं चाक जागच्या जागी बंद. मग तू कुठे जाशील ते तुझ्या हातात नाही."

हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला कुणी सावध केलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

कार्बोरेटर उघडायचा म्हणजे ते एक पांढरी चिनी मातीची बशी पुढे ओढत. प्रत्येक भाग धुऊन, पुसून त्यात ठेवायचा. फ्लोट, म्हणजे आतला तरंगता डबा, कानाशी हलवून बघत. आत पेट्रोल शिरलेलं असेल तर खुळखुळतं. तरी समाधान झालं नाही, तर तो गरम पाण्यात दाबून धरत आणि बुडबुडा येतो का बघत. पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकावर नख फिरवत, झिजून कडा पडली असेल तर नख अडतं. जेटच्या छिद्रात तार घालणाऱ्या मिस्त्रीला ते मिस्त्री मानत नसत. तारेनं मोठं झालेलं छिद्र परत लहान होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि जेटवर छापलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आकडा छापणारा एक, भोक पाडणारा दुसरा. दोघांची कधी ओळख झालेली नसते," असं म्हणून ते प्रत्येक नवा जेट, कितीही चांगल्या दुकानातून आलेला असो, उजेडात धरत.

दोन वर्षं त्या स्कूटरनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही. मला दर खेपेला वाटे, गाडी माझी आहे. खरं तर ती त्यांची होती.

तिसऱ्या वर्षी काही गोष्टी बदलल्या. त्या आता ओळीनं मांडता येतात. तेव्हा त्या सुट्या सुट्या दिसल्या आणि मी सुट्या सुट्याच सोडून दिल्या. काका आमच्या पायरीवर दोनदा अडखळले. जेवताना आमटीची वाटी शोधायला त्यांचा हात ताटाच्या कडेकडेनं जायला लागला. बहिणीचे मेसेज ते मीनलला वाचायला देत, म्हणत, "चष्मा खोलीवर राहिला." आणि गॅरेजमध्ये जेट माझ्या हातात देऊन म्हणत, "वाच नंबर. कधीपर्यंत मीच वाचू? शिकून घे." मला अभिमान वाटे, काका मला विद्या देतायत म्हणून. मीनल एकदा म्हणाली, "त्यांना नीट दिसत नाहीये बहुतेक." मी म्हणालो, "वय झालंय." साखरेचा आजार त्यांना होता हे मला माहीत होतं. त्या आजारानं डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरतं, हे मला नंतर कळलं.

त्यांना मात्र सगळं कळत होतं. एका दवाखान्यात त्यांनी गुपचूप दाखवलं होतं. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डावा त्याच वाटेवर होता. गॅरेजला कळलं असतं तर व्हिसा रद्द होऊन आठवड्याभरात गावी रवानगी. गावी काय होतं? बहिणीच्या घरातली एक खाट. इथे टेबल होतं, बशी होती, शुक्रवार होता. त्यांनी बोटांवर भागवायचं ठरवलं. फ्लोट कानाला कळे, सुई नखाला कळे. छिद्र तेवढं फक्त डोळ्याला कळतं.

जानेवारीत इथे पहाटे चांगली थंडी पडते. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून हिवाळ्यात काका एक नंबर मोठा जेट घालत. त्या वर्षी जुना घासलेला वाटला म्हणून मी नवा मागवला. त्यावर छिद्राचं माप एकशे अठरा छापलेलं होतं, मीच वाचून सांगितलं. काकांनी तो धुतला, पुसला, शटरकडे तोंड करून उजेडात धरला. डावा डोळा मिटला. मी समोर उभा होतो. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ त्यांनी तो धरून ठेवला.

"ठीक आहे," म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी वाळवंटातून जाणाऱ्या दुखानच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं आणि गाडी कधी नव्हती इतकी सुंदर पळत होती. मला आठवतं ते एवढंच, की इंजिनाचा आवाज एकाएकी बारीक झाला आणि मग मागून कुणी तरी गाडी धरून ठेवल्यासारखं झालं. क्लच दाबायला बोटं पोचायच्या आत मी रस्त्यावर घसरत होतो. कडेच्या लोखंडी कठड्याखाली उजवा पाय गेला.

तीन ऑपरेशनं झाली. गुडघ्याची वाटी तीन ठिकाणी फुटली होती, खालच्या हाडाचा माथा चेपला होता. सर्जन केरळचे होते, सभ्य माणूस. ते हिंदीत म्हणाले, "चलेंगे आप. पर ये घुटना पहले जैसा नहीं मुड़ेगा." मीनल माझ्या पायाशी उभी होती. तिनं त्यांना विचारलं, "कितना मुड़ेगा?" त्यांनी हाताचा कोन करून दाखवला. तो फारच थोडा होता.

आठव्या दिवशी इनासकाका आले. बरोबर गॅरेजमधला एक जण होता, तो त्यांना दंडाला धरून दारापर्यंत सोडून बाहेर थांबला. त्यांना कुणी असं धरून आणलेलं मी प्रथमच पाहत होतो. ते खुर्चीवर बसले नाहीत. खिशातून रुमाल काढला, रुमालातून जेट काढला आणि माझ्या पलंगाच्या चादरीवर ठेवला.

"गाडी मी गॅरेजला आणवली," ते म्हणाले. "कार्बोरेटर उघडला. शेजारच्या लेथवाल्याकडे मापाच्या सुया आहेत. त्याच्याकडून हा मोजून घेतला. छापलाय एकशे अठरा. भोक आहे एकशे सहाचं, आणि आत पितळेचा कुसळाएवढा तुकडा तसाच राहिलाय."

मी गुंगीत होतो. म्हणालो, "म्हणजे जेट खराब होता. तुमचा काय दोष, काका?"

"मी बघितला नव्हता तो."

"मी होतो ना तिथे. तुम्ही उजेडात धरलात."

"धरला. मला काही दिसलं नाही. वर्ष झालं, मला दिसत नाही." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तुझ्यासमोर मी बघितल्यासारखं केलं, हेमंता. आकडा तू वाचलास, त्याच्यावर मी भरवसा ठेवला. तो नवा होता म्हणून ठीक म्हणालो."

मग मीनल म्हणाली, "तुम्ही जा इथून." ती ओरडली नाही. तिनं पुन्हा तेच म्हटलं, "काका, तुम्ही आता जा."

ते वळले. दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागली.

मला राग आला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या रात्री आणि पुढे कित्येक दिवस मला तेच दिसे, शटरच्या उजेडात चिमटीत धरलेला तो पितळेचा तुकडा. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. "तू बघ," एवढं म्हटलं असतं तरी मी बघितलं असतं. पण रागाच्या तळाशी गेलं की दुसरीच गोष्ट हाताला लागे. त्यांनी सांगितलं नसतं, तर मला कधीही कळलं नसतं. वाळू गेली असेल, तेल कमी पडलं असेल, नशीब, असं म्हणून मी आयुष्य काढलं असतं. पोलिसांना मी आधीच सांगून टाकलं होतं की माझाच ताबा सुटला. काकांनी निरोप धाडला, पोलिसांकडे येऊन खरं सांगतो. मी उलट निरोप धाडला, की माझं बोलणं झालंय, आता काही नको.

आमची सई तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. एकदा माझ्या पायाला उशी लावता लावता तिनं विचारलं, "ही टोल्ड द ट्रुथ, ना? देन व्हाय इज आई स्टिल सो अँग्री?" मी म्हणालो, "खरं सांगितलं म्हणून गुडघा वाकत नाही, बाळा." बोलून गेलो आणि वाईट वाटलं.

काकांनी आणखी एक काम केलं, ते मला गॅरेजमधल्या माणसांकडून कळलं. त्या वर्षभरात त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या दुचाकींची त्यांनी आठवून आठवून यादी सांगितली, दुसऱ्याकडून लिहून घेतली आणि टेबलाशी बसून एकेकाला फोन लावून घेतला. प्रत्येकाला तेच वाक्य. "मैं इनास बोलता है. मेरे को दिखता नहीं. आपकी गाड़ी दूसरे से चेक करा लो, तब तक मत चलाओ." कुणी फोन आपटला, कुणी शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या कतारी गिऱ्हाइकानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त "शुक्रन", म्हणजे आभार, म्हटलं. एका मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोटची पिन उलटी बसलेली निघाली. बाकी सगळ्या ठीक होत्या. यादी संपली तेव्हा मॅनेजर त्यांना म्हणाला, "अब खलास. अब घर जाओ." त्याला त्यांना घालवायचं नव्हतं, असं सगळे म्हणतात. पण ते सगळं भर गॅरेजात, सगळ्यांसमोर झालं होतं. त्यानंतर ठेवणार कसं?

ते जायचे त्या दिवशी मी दोन कुबड्यांवर होतो. मला गाडी चालवता येत नव्हती. मीनलला म्हणालो, "मला विमानतळावर सोड. तू उतरू नको." तिनं किल्ली घेतली.

गॅरेजची गाडी काकांना सोडून गेली होती. ते बाहेर फुटपाथवर उभे होते, सोबत गॅरेजवाल्यांनी दोऱ्यांनी बांधलेलं एक खोकं. मी काच खाली केली, हाक मारली. ते आवाजाच्या दिशेनं आले, गाडीच्या टपावर हात ठेवला.

"मीनल आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तिला सांग—" मीनल समोर बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"चल मग," ते म्हणाले. "पाय जपून टाक." एवढं बोलून ते खोकं उचलून निघाले. दोन पावलांवर रस्त्याचा लोखंडी खुंट होता, तो त्यांना दिसला नाही. ते त्यावर आदळले, खोकं खाली पडलं.

मी दार उघडून कुबड्या शोधत होतो, तोवर मीनल उतरली होती. तिनं खोकं उचललं, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत घेऊन गेली. मी अर्धा-पाऊण तास बसून राहिलो. परत आल्यावर तिनं सीटबेल्ट लावला, आरशात बघितलं.

"व्हीलचेअर मिळवून दिली," ती म्हणाली. "सही कुठे करायची तेसुद्धा दिसत नव्हतं त्यांना. मी बोट धरून दाखवलं." मग बऱ्याच वेळानं, सिग्नलला थांबल्यावर ती रडली.

वसईला गेल्यावर वर्षभरात दुसरा डोळाही गेला. मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करत असे. ते कधी माफी मागत नसत, मीही कधी माफ केल्याचं म्हणत नसे. पायाबद्दल मात्र दर वेळी विचारत, तेही नेमकं. आज किती वाकला? जिना चढतोस की एकेक पायरी? गेल्या नाताळच्या चार दिवस आधी ते गेले. बहिणीनं फोन करून सांगितलं. मला रजा मिळाली नाही.

आमचं शेवटचं बोलणं झालं, ते त्याच्या दोन महिने आधी. त्यामागे जे घडलं होतं, ते सांगितल्याशिवाय इनासकाका पुरे होत नाहीत.

मी उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटमध्ये तपासणीचा इंजिनिअर होतो. उंच टॉवरवर शिडीनं चढून पाइपांचे सांधे बघायचे आणि सही करायची, हे माझं काम. अपघातानंतर आठ-नऊ महिन्यांनी कामावर रुजू होताना फॉर्मवर प्रश्न होता, उभी शिडी चढता येते का. मी 'हो' लिहिलं. 'नाही' लिहिणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. दोन वर्षं कसंबसं निभलं. मग एकदा मोठ्या दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना एका टॉवरच्या अर्ध्यावर माझा गुडघा अडकला. वर आणखी दोन सांधे बघायचे होते. मी तिथेच थोडा वेळ लटकून राहिलो, खाली उतरलो आणि गेल्या वर्षीचा रिपोर्ट पाहून त्या दोन सांध्यांपुढे 'ठीक' लिहून सही केली.

घरी आलो, पण घास उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडे गेलो. सही परत घेतली, कारण सांगितलं, आणि शिडीबद्दलही खरं सांगितलं. सांधे दुसऱ्यानं जाऊन बघितले. ते चांगले होते. माझं साइटवरचं काम त्याच आठवड्यात गेलं. आता अल रय्यानच्या ऑफिसात बसून मी दुसऱ्यांचे रिपोर्ट फायलींना लावतो. पद दोन पायऱ्या खाली आलं. करार पुढच्या वर्षी वाढेल की नाही, इन्शाल्ला म्हणायचं आणि गप्प बसायचं.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांच्याकडे मागे चर्चची घंटा वाजत होती. त्यांनी ती संपू दिली.

"मी तू पडल्यावर सांगितलं," मग ते म्हणाले. "तू कुणी पडायच्या आधी सांगितलंस."

पुढे त्यांनीच विचारलं, "मीनल काय म्हणाली?"

"काही नाही. जेवायला वाढलं."

"मग जेव," इनासकाका म्हणाले, आणि फोन बहिणीच्या हातात दिला.